डबक्याची बाजू

मराठी समीक्षेच्या शब्दसंग्रहात पाण्याच्या उपमांची एक ठरलेली उतरंड आहे. 'प्रवाही' हे विशेषण आले की स्तुती समजावी, 'साचलेपण' आले की निंदा, आणि 'डबके' हा शब्द आला की लेखकाने पुढचा परिच्छेद न वाचलेलाच बरा. 'कूपमंडूक' तर संस्कृतातून आयताच मिळालेला. आम्ही दोघे गेली वीसेक वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि या उतरंडीचा आम्ही मनसोक्त वापर केलेला आहे. एका दिवाळी अंकातल्या लेखात तर एका सबंध दशकाच्या कवितेला 'आत्ममग्नतेचे डबके' म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. लेख दोघांच्या नावाने होता, त्यामुळे त्या वाक्याची जबाबदारी एकमेकांवर ढकलण्याची सोय नाही.

या शब्दाकडे पुन्हा पाहण्याची वेळ आमच्यावर आली ती दोन कारणांनी, आणि योगायोगाने ती दोन्ही एकाच उन्हाळ्यात उद्भवली. पहिले कारण कार्यालयीन. मराठीच्या एम. ए. च्या वर्गाची पटसंख्या सातत्याने घटत असल्याने सदर वर्ग पुढे चालू ठेवण्याच्या आवश्यकतेबाबत विभागाने स्वयंस्पष्ट अभिप्राय सादर करावा, असे पत्र २०२४ च्या मे महिन्यात आमच्या हाती पडले. दोन्ही वर्षांचे मिळून अकरा विद्यार्थी होते. विभाग म्हणजे आम्ही दोघे आणि तासिका तत्त्वावर येणारा आमचाच एक माजी विद्यार्थी. पत्रातला सूर सभ्य होता, आणि आकड्याला उत्तर नव्हते.

दुसरे कारण आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकारी बाई. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, तालुक्याचे. गावामागचा डोंगर चढून गेले की वर सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार. पावसाळ्याअखेरीस त्यावर फुले येतात, ती पाहायला माणसे येतात. कास पठार सह्याद्रीतल्या इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर गाड्या लावायला जागा उरत नाही. मे महिन्यात मात्र तिथे कोणी फिरकत नाही. काळपट तांबडा, तापलेला दगड आणि त्यात ठिकठिकाणी खळगे. बाईंना या खळग्यांतली वाळलेली माती गोळा करायची होती, आणि पिशव्या धरायला दोन माणसे हवी होती. पत्राला उत्तर लिहायचे टाळण्यासाठी आम्हाला कोणतेही निमित्त चालणार होते.

बाई ज्या खळग्यापाशी थांबल्या तो जेमतेम दोन पलंगांएवढा असेल, खोली घोट्यापर्यंत. तळाशी मातीचे पापुद्रे वाळून वर वळले होते. बाईंनी ते चमच्याने खरवडून कागदी पुड्यांत भरले, प्रत्येक पुडीवर जागा आणि तारीख लिहिली, आणि एक पुडी आमच्या हातावर ठेवली. "सर, मॅडम, ही घरी न्या आणि भिजवा," त्या म्हणाल्या, "साधं नळाचं पाणी नको, गाडीच्या बॅटरीत घालतात ते घ्या. आणि मग मला सांगा, डबकं कशाला म्हणतात ते." आमचा तो लेख त्यांनी वाचला असावा, अशी शंका आम्हाला तेव्हा आली, आजही आहे.

जुन्या परातीत माती पसरून आम्ही ती भिजवली आणि परात खिडकीखाली ठेवली. दोन दिवस गढूळ पाण्याखेरीज काही दिसेना. तिसऱ्या दिवशी पिठाच्या कणांएवढे काहीतरी हलू लागले. पुढच्या आठवड्यात त्या कणांना आकार आला: अर्धपारदर्शक, बोटाच्या पेरापेक्षा लहान, झिंग्याच्या दूरच्या नात्यातले जीव, पाठ खाली आणि पाय वर करून पोहणारे. इंग्रजीने यांना परीचे नाव दिले आहे. यांच्यातल्या एका जातीचे नामकरण २०१४ साली सह्याद्रीच्या नावाने, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस असे झाले. ज्या डोंगराखाली आम्ही आयुष्य काढले त्याच्या नावाचा असा एक जीव आहे, हे आम्हाला पन्नाशी जवळ आल्यावर एका परातीने सांगितले.

महिन्याभरात परातीतले पाणी आपोआप आटले, जीव मेले, तळाशी पुन्हा माती उरली. बाईंच्या सांगण्यावरून ती काही आठवडे कोरडीच राहू दिली आणि पुन्हा भिजवली. पुन्हा तेच. आम्ही उत्साहाने त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी आमच्या उत्साहाला शास्त्राचा लगाम घातला. दुसऱ्या खेपेला निघालेल्यांपैकी काही पहिल्या खेपेच्या माद्यांनी घातलेल्या नव्या अंड्यांतले असतील, आणि काही पहिल्यांदा भिजूनही न उघडलेल्या, कदाचित कितीतरी पावसाळे जुन्या अंड्यांतले. कोण कुठले, हे डोळ्यांनी कळत नाही. ते कळून घ्यायचे तर डीएनए वाचावा लागतो.

अंडी भिजूनही न उघडण्यात चूक काहीच नाही, हा आम्हाला मिळालेला पहिला धडा. सड्यावरच्या खळग्याचे आयुष्य पावसाच्या लहरीवर असते. वळवाची एक सर येते, खळगा भरतो, आणि मग पंधरा दिवस कडक ऊन पडते. त्या एका सरीला भुलून सगळी अंडी फुटली तर पिल्ले मोठी होण्याआधी पाणी आटेल आणि खळगा कायमचा रिकामा होईल. म्हणून एका वेळी काहीच अंडी फुटतात, बाकीची थांबतात. वाळवंटी मुलखातल्या वार्षिक वनस्पतींच्या बियांबाबत हा हिशोब डॅन कोहेन यांनी १९६६ साली गणिताने मांडला होता. पाऊस जितका बेभरवशाचा, तितके राखून ठेवण्याचे प्रमाण अधिक. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे गणित शिकवावे लागत नाही. धूळवाफेवर पेरणी करणारा माणूस घरातले सगळे बियाणे एकदम रानात टाकत नाही. दुबार पेरणीची वेळ येऊ शकते हे त्याला ठाऊक असते.

अशी न फुटलेली अंडी वर्षानुवर्षे तळाच्या मातीत साठत जातात. शास्त्रज्ञ या साठ्याला पेढी म्हणतात. एखाद्या पावसाळ्यात जे जीव पोहताना दिसतात ते त्या वर्षीच्या आईबापांचेच नसतात. त्यांत पाच, दहा, वीस वर्षांपूर्वीच्या आईबापांची लेकरेही असतात. म्हणजे आजीची बहीण आणि नात एकाच दिवशी जन्माला येऊ शकतात. एखाद्या वाईट वर्षाने काही जनुके पृष्ठभागावरून पुसून टाकली तरी तळातून ती परत येऊ शकतात. डबके टिकते ते पाण्यामुळे, असे आम्ही समजत होतो. पाणी तर दरवर्षी जाते. टिकवते ती तळाची माती.

आता हे आनुवंशिकीने कसे वाचले जाते, याविषयी चार शब्द. मराठीच्या विद्यार्थ्याला ते समजणे अवघड जाऊ नये, कारण पाठचिकित्सेचा पेपर त्याने दिलेला असतो. हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चुका होतात. पुढचा लेखनिक त्या चुकांसह नक्कल करतो आणि स्वतःच्या दोन घालतो. दोन पोथ्यांत तीच विशिष्ट चूक आढळली तर त्यांचे मूळ एक, असा आपण निष्कर्ष काढतो आणि पोथ्यांची वंशावळ मांडतो. डीएनएचीही पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होते, आणि नकलेत क्वचित चुका होतात. त्या चुका जुळवून कोणता जीव कोणाच्या वंशातला, कोणत्या दोन डबक्यांत देवघेव झाली, कोणते डबके किती जणांनी वसवले, हे सांगता येते.

आमच्या विभागातही असा एक प्रयोग नकळत घडलेला आहे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. २००९ च्या सुमारास एका घाईच्या तासाला आमच्यापैकी एकाने ते साल १९८३ सांगितले. पुढे दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिका तपासायला आल्या, तर त्यांत ओळीने १९८३. चौकशी केली तेव्हा कळले, तिथे शिकवणारी बाई आमची विद्यार्थिनी होती आणि आमच्याच वहीवरून टिपणे देत होती. आमची चूक तिच्यातून तिच्या विद्यार्थ्यांत उतरली होती. त्या वेळी आम्ही हसलो. त्यातला गंभीर भाग ध्यानात यायला पुढची पंधरा वर्षे जावी लागली; त्याकडे येऊच.

डबक्यांच्या आनुवंशिकीत ज्या जीवाने सर्वाधिक सेवा केली तो म्हणजे पाणपिसू, शास्त्रीय नाव डॅफ्निया. मोहरीएवढा, कधी त्याहूनही लहान, तळ्यात टुणटुण उड्या मारल्यासारखा पोहणारा हा जीव मासे पाळणाऱ्यांना परिचित असतो. दिवस बरे असतात तेव्हा माद्या नराविना स्वतःच्या हुबेहूब प्रतिकृती जन्माला घालत राहतात. अडचणीचे दिवस आले की नर जन्मतात, मीलन होते, आणि त्यातून जी अंडी होतात ती मादीच्या पाठीवरच्या एका कठीण कवचात बंद केली जातात. त्या कवचाचे शास्त्रीय नाव 'खोगीर' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आले आहे. मराठीत आपण निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतो. इथे खोगिरात सगळे भविष्य भरलेले असते. वाळणे आणि गोठणे सोसून ते तळाशी पडून राहते.

या पाणपिसवेच्या एका जातीचे संपूर्ण जनुकवाचन २०११ साली प्रसिद्ध झाले तेव्हा तिच्यात सुमारे ३१ हजार जनुके असल्याचे जाहीर झाले. माणसात प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास. तेव्हा मोठा गवगवा झाला. पुढे २०१७ साली अधिक काटेकोर वाचन झाले आणि आकडा अठरा हजारांच्या घरात आला. पहिल्या आवृत्तीतली नक्कल झालेली पाने दोनदा मोजली गेली की असेच होते. आवृत्ती सुधारून घेण्याची ही तत्परता आमच्या क्षेत्रात कमी दिसते, एवढेच येथे नमूद करतो.

बेल्जियममधल्या एका लहान तळ्यातले संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या तळ्याच्या तळाचा गाळ थरांसकट नळीने उचलला गेला. एकेक थर म्हणजे एकेका काळाचे पान. प्रत्येक थरातली पाणपिसवांची निद्रिस्त अंडी उबवण्यात आली, आणि त्याच थरांतून पाणपिसवांना वांझ करणाऱ्या एका जीवाणूची बीजेही मिळवण्यात आली. मग निरनिराळ्या काळांतल्या पिसवा आणि निरनिराळ्या काळांतले जीवाणू एकमेकांसमोर ठेवले गेले. पिसवांना सर्वाधिक बाधा झाली ती समकालीन जीवाणूंची. आधीच्या थरातले जीवाणू तितके प्रभावी ठरले नाहीत, कारण त्यांच्याशी कसे निभवायचे हे पिसवांच्या वंशाने तोवर शिकून घेतले होते. आणि जीवाणूही तोवर पुढे सरकले होते. लुईस कॅरलच्या १८७१ च्या पुस्तकात एक लाल राणी आहे, तिच्या राज्यात जागच्या जागी राहायलाही धावावे लागते. तिचे नाव ली व्हॅन व्हालेन यांनी १९७३ साली या कल्पनेला दिले. वरून पाहणाऱ्याला ते तळे निश्चल दिसले असते. 'साचलेले' हा शब्द आम्ही तिथे सहज वापरला असता.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या साउथ सेंटर नावाच्या तळ्याच्या गाळातून सुमारे सातशे वर्षांपूर्वीची पाणपिसवेची अंडी उबवली गेल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. शेतीतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसने तळे बदलण्यापूर्वीचे हे जीव तो कसा वापरत आणि आजचे कसा वापरतात, यातला फरक जनुकांसह तपासता आला. सातशे वर्षे हा आकडा वाचून मराठीच्या शिक्षकाला जे आठवायचे तेच आम्हाला आठवले. 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांच्या कवचात शतकानुशतके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होऊन ते ग्रंथ बाहेरच्या वाचकांपर्यंत आले, आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. उपमा मात्र जपून वापरली पाहिजे. बाहेरच्या जगाला निद्रिस्त वाटणारे ते ग्रंथ मठांमधून वाचले जात होते, त्यांच्या नकला होत होत्या. कोणीतरी ती माती राखली होती, आणि राखणाऱ्यांची संख्या मोठी नव्हती.

इथवर आलो तेव्हा आमचा अभिप्राय मनात जवळजवळ तयार झाला होता. लहान वर्ग हा दोष नव्हे, लहान पाणीही स्वतःचे स्वतः टिकते, वगैरे. बाईंना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "अर्धंच वाचलंत. फिनलंडची डबकी राहिली."

फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर त्वार्मिन्ने या ठिकाणी, बाल्टिक समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, पाण्याने भरणारे शेकडो लहान खळगे आहेत. त्यांत पाणपिसवांच्या तीन जाती राहतात. १९८२ पासून या खळग्यांची नियमित पाहणी होत आली आहे. दरवर्षी काही खळगे रिकामे होतात, काही नव्याने वसतात. खोगिरात बंद झालेली अंडी वाऱ्याने किंवा पाखरांबरोबर इकडून तिकडे जातात. एखादा खळगा पुष्कळदा एकदोन माद्यांनीच वसवलेला असतो, हे जनुकांवरून कळते. आणि तिथेच दुखणे सुरू होते. एकाच आईची लेकरे आपापसात जुगत गेली की दोष साठत जातात, पिढी दुबळी होते. २००२ साली डिटर एबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा खळग्यात बाहेरची पिसू आली तर तिच्या आणि स्थानिकांच्या संकरातली संतती स्थानिकांना सहज मागे टाकते, आणि पाहुणीची जनुके तिच्या एकटीच्या संख्येवरून अपेक्षा करावी त्याच्या कैक पटींनी पसरतात. म्हणजे एकटे पडलेले डबके आतून झिजत असते. ही खडकाळ वस्ती टिकते ती शेकडो खळग्यांच्या येण्याजाण्यावर.

ते १९८३ साल आता आम्हाला हसवेना. आमच्याच वहीवरून आमचाच विद्यार्थी आमच्याच वर्गाला शिकवतो, आम्हीच त्याचे मार्गदर्शक होतो, त्याच्या प्रबंधातली संदर्भांची निवड आमच्या कपाटातल्या पुस्तकांच्या बाहेर फारशी गेलेली नाही, आणि तो गेल्या काही वर्षांत प्रश्नपत्रिकाही आमच्यासारखीच काढू लागला आहे. हे आम्ही अभिमानाने 'परंपरा' म्हणत होतो. पटसंख्या घटली त्याची कारणे बाहेर पुष्कळ आहेत, आणि ती खरी आहेत. पण आत काय होत होते, हे कोणत्याही पत्राने आम्हाला विचारलेले नव्हते आणि आम्हीही विचारलेले नव्हते. अकरांपैकी एक विद्यार्थी एस. टी. त वाहक आहे. त्याने ग्रामीण कादंबरीवरच्या तासाला उठून विचारले होते, की या सगळ्या कादंबऱ्यांत गाडी गावाबाहेर गेली की लेखक खाली उतरतो, गाडीतल्या माणसांचे पुढे काय होते ते कोणी का लिहीत नाही? आम्ही त्याला 'चांगला प्रश्न आहे' म्हटले आणि अभ्यासक्रमाकडे वळलो. बाहेरून आलेली ती एक पिसू होती, आणि आम्ही तिला जागा दिली नाही.

बाहेरचे सगळेच हितकारक, असा मात्र याचा अर्थ नाही. फ्रान्समधल्या तळ्यांच्या थोड्याशा पाण्यातून, प्राणी डोळ्यांना न दिसताही, पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून त्याचे अस्तित्व ओळखता येते, हे २००८ साली सिद्ध झाले. ज्याच्यासाठी ही परीक्षा केली तो प्राणी एक बेडूक होता: अमेरिकेतून आलेला बुलफ्रॉग, स्थानिक जीवांना गिळणारा आणि त्यांना बाधणारे रोग सोबत बाळगणारा. कूपमंडूक या शब्दाला इतका अटलांटिकपार अर्थ असेल, असे त्या शब्दाच्या कर्त्याला वाटले नसेल. तेव्हा डबक्याला दार हवे, आणि दारातून कोण येते याकडे लक्षही हवे.

जुलैच्या अखेरीस बाईंबरोबर आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. धुक्यात पावले मोजत त्या खळग्याकडे निघालो, आणि तो सापडेना. वर जाणारा रस्ता रुंद करताना कडेचे खळगे डबर टाकून बुजवले गेले होते. कोणी दुष्टपणाने केले असे नव्हे. काम करणाऱ्यांच्या लेखी तो रस्त्याकडेचा खड्डा होता. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दहा वर्षं दुष्काळ पडला असता तर चाललं असतं."

अभिप्राय लिहायला बसलो तेव्हा आमच्यासमोर ते वाक्य होते. आटणे आणि बुजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आटलेल्या खळग्यात साठा असतो, आणि बुजवलेल्या खळग्याला कितीही पाऊस पडला तरी उपयोग नाही. कार्यालयीन मराठीत हा भेद 'प्रवेश स्थगित' आणि 'वर्ग कायमस्वरूपी बंद' या दोन शब्दप्रयोगांत आहे. वर्ग बंद झाला की विद्यापीठाची मान्यता जाते, पदे कार्यभाराअभावी रद्द होतात, आणि ग्रंथालयातली एम. ए. ची पुस्तके, त्यांत कुठेच न मिळणारे लघुनियतकालिकांचे अंक, 'विनावापर' या शेऱ्यासह निर्लेखनाच्या यादीत जातात. ते डबर होय.

म्हणून आम्ही वर्ग चालू ठेवण्याची मागणी केली नाही. अकरा या आकड्याशी वाद घातला नाही. लिहिले ते असे: पट अमुक संख्येच्या खाली गेल्यास त्या वर्षापुरते प्रवेश स्थगित ठेवावेत, मान्यता दरवर्षी नूतनीकृत करावी, आणि पुस्तकांचे निर्लेखन करू नये. दुसरे असे की आमच्या दोघांपैकी एकाचे तास शेजारच्या महाविद्यालयाशी अदलाबदल करून घ्यावेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांचे शोधनिबंध आम्ही सोडून दुसऱ्या कोणी तपासावेत. तिसऱ्या मुद्द्यात एक कबुली होती, ती येथे विस्ताराने सांगून झाली आहे. स्थगिती तीन वर्षांहून लांबवू नये, हेही स्पष्ट लिहिले. कारण साठाही अक्षय नसतो: अंडी कुजतात, काही दर पावसाळ्यात फुटून वाया जातात. अधूनमधून एखादे चांगले वर्ष येऊन नवी भर पडली नाही, तर पेढी दिवाळखोरीत निघते. शहाणपणाने थांबणे आणि नुसते पडून राहणे यांतला फरक बाहेरून दिसत नाही, हे आम्हाला परातीनेच शिकवले होते.

संस्थेने यातले पहिले मान्य केले, दुसऱ्यावर विचार करू म्हटले, तिसऱ्याविषयी काही कळवले नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्रथम वर्षाला सात विद्यार्थी आले. हा आकडा कशाचाही पुरावा नाही. वळवाची एक सर असू शकते. वाहक विद्यार्थी द्वितीय वर्षाला आहे आणि त्याच्या शोधनिबंधाचा विषय मराठी कादंबरीतला एस. टी. चा प्रवास हा आहे. त्याला मार्गदर्शन करण्याइतके आम्हाला त्यातले ठाऊक नाही, त्यामुळे काम बरे चालले आहे.

आमच्या त्या जुन्या लेखातला शब्द आता छापून गेलेला आहे. तो परत घेता येत नाही. पुढच्या नकलेत दुरुस्ती करावी, एवढेच हाती आहे.

विभागाच्या कपाटात एक पुडी आहे. बाईंनी त्या दिवशी एकाच खळग्यातून तीन पुड्या भरल्या होत्या. एक आम्ही भिजवली, एक त्यांच्या तपासणीत संपली, ही तिसरी. तिच्यावर तारीख आणि जागा लिहिलेली आहे, आणि ती जागा आता उरलेली नाही. सड्यावरच दूर दुसरा एक रिकामा खळगा आहे, रस्त्यापासून आत. त्यात ती माती टाकावी की न टाकावी, यावर बाईंचे मत अजून पक्के होत नाही; तिथे आधीपासून कोण निजले आहे ते आधी पाहिले पाहिजे, असे त्या म्हणतात. ठरलेच तर अर्धी पुडी टाकायची आणि अर्धी राखायची, एवढे आमचे तिघांचे एकमत झाले आहे.